रात्री किती माणसं असतात, ते विचारा

केअर सेंटर कसं आहे असं कुणाला विचारलं की दोनच उत्तरं कानावर येतात. एक, "अगदी घरच्यासारखं बघतात हो, काही काळजी करू नका." दुसरं, "चुकूनही ठेवू नका, फार हाल करतात." बऱ्याचदा ही दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणाबद्दल असतात. सासूबाईंच्या आजारपणामुळे पुण्यातली बरीच केअर सेंटरं मी आतून पाहिली. आता माझं ठाम मत झालंय की सांगणारी दोन्ही माणसं खरं बोलत असतात. म्हणूनच "चांगलं सेंटर सुचवा" या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही, आणि त्याबद्दलच आज सविस्तर लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. मी वृद्धाश्रमाबद्दल बोलत नाहीये. वृद्धाश्रम आपल्याकडे जुने आहेत. पुण्याचं 'निवारा' 1863 पासूनचं आहे, आणि राज्य सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना 1995 सालची. पण बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेश अर्जावर एक अट असते, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. हिंडतंफिरतं माणूस तिथे छान राहतं. ते एकदा पडलं, अंथरुणाला खिळलं, की घरी फोन येतो, "तुमची तुम्ही सोय करा." हॉस्पिटलवाले ऑपरेशन झालं की आठवड्याभरात डिस्चार्ज देतात. नर्सिंग ब्युरोची बाई चार दिवस येते, पाचव्या दिवशी गावाला जाते. मग उरतं ते केअर सेंटर. म्हणजे कोथरूड, वारजे, धायरी अशा कुठल्या तरी भागातला भाड्याचा बंगला, प्रत्येक खोलीत चार-पाच कॉट, खाली ऑफिस, वर स्वयंपाकघर. घरात कुणावर वेळ आली नाही तोवर हे बंगले आपल्याला दिसतही नाहीत.

आईंना (सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो) आधी विसरभोळेपणा सुरू झाला, मग डिमेन्शियाचं निदान झालं, आणि त्यातच बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्या चालू शकल्या नाहीत. रात्रभर जाग्या, कॅथेटर (लघवीची नळी) ओढायच्या, आम्हाला ओळखायच्या नाहीत. माझे गुडघे गेलेले, नवऱ्याला हृदयाचा त्रास. दोघांनी मिळूनही त्यांना कुशीवर वळवणं जमेना. त्यांना सेंटरमध्ये ठेवलं. त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही.

पहिलं ठिकाण दिसायला उत्तम होतं. गुळगुळीत फरशी, रिसेप्शनला फुलं, व्हॉट्सअॅपवर रोज फोटो. प्रत्येक कॉटच्या डोक्याशी एक तक्ता लटकवलेला असायचा. डावी कूस, उजवी कूस, पाठ, असे रकाने आणि दर दोन तासांची वेळ. हे दोन तास महत्त्वाचे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवलं नाही तर माकडहाडावर, टाचांवर दाब येऊन कातडी मरते आणि बेडसोअर होतात. एअर बेड असला तरी वळवावं लागतंच. एकदा सकाळी अकराच्या सुमारास मी गेले. सहज तक्त्याकडे बघितलं तर दुपारी दोनची, चारची, सहाची नोंद आधीच भरलेली. एकाच पेनाने, एकाच हाताने, टिकमार्क आणि सही. दिवस अजून व्हायचा होता आणि तक्त्यावर तो संपलेला होता.

मी आईंना वळवायला सांगितलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, आणि कडा काळ्या पडल्या होत्या. म्हणजे ती आदल्या रात्रीची नव्हती. मालकांना दाखवली तर ते म्हणाले, "या वयात होतंच, मॅडम." होतंच असं नाही. काही माणसं इतकी खंगलेली असतात की सगळं करूनही जखम होते, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय आणि मला ते मान्य आहे. पण पुढचे तीन रकाने आधीच भरून ठेवणाऱ्या ठिकाणी "होतंच" हा शब्द वापरायचा अधिकार कुणालाही नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या आतेभावाने त्याच सेंटरमध्ये त्याच्या वडिलांना ठेवलं होतं. तो आजही त्या लोकांचं नाव काढलं की हात जोडतो. काका वॉकर घेऊन चालायचे, जेवायला टेबलाशी यायचे. त्यांची कॉट तळमजल्यावर सिस्टरच्या टेबलासमोर होती. आतेभावाचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे तो रोज डोकावायचा, कधी सकाळी, कधी दुकान बंद करून रात्री. आई होत्या दुसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत. मालक तेच, फी तीच, काम करणाऱ्या मावशीही बऱ्याचशा त्याच. काकांना जे मिळालं ते आईंना मिळालं नाही. याचं कारण शोधताना माझ्या डोक्यात बराच प्रकाश पडला.

साधा हिशेब आहे. त्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले 14 जण होते आणि रात्री मावशी दोन. एका माणसाला वळवायचं, ओलं असेल तर डायपर बदलायचं, पुसून कोरडं करायचं, पाठीला उशी लावायची, याला घाईघाईत केलं तरी दहा मिनिटं लागतात. आणि वळवायला दोघी लागतात, एकीचं काम नाही. 14 जणांचे झाले 140 मिनिटं. दोन तासांची मिनिटं होतात 120. म्हणजे दोघी रात्रभर एक घोट पाणीही न पिता राबल्या, कुणाला उलटी झाली नाही, कुणी पडलं नाही, तरीही तो तक्ता खरा भरणं शक्यच नव्हतं. मालकांना हे माहीत होतं. मावशींनाही माहीत होतं. फक्त आम्हा नातेवाइकांना माहीत नव्हतं, कारण आम्ही दिवसा जायचो आणि फुलं बघून यायचो.

आईंना आम्ही हलवलं. दुसरं ठिकाण पहिल्यापेक्षा स्वस्त होतं, हे मुद्दाम लिहितेय. एकमजली जुनी वास्तू, रंग उडालेला, फोटोबिटो काही नाहीत. पेशंट मोजके, आणि रात्री तिघीजणी. तिथल्या एक मावशी वाशीमकडच्या होत्या. त्यांनी आईंना भरवताना मी पाहिलं ते सांगते. कॉटचं डोकं पूर्ण वर करून आईंना बसवायचं, उशी मानेखाली नव्हे, पाठीमागे, हनुवटी किंचित खाली. भाकरी दुधात इतकी कालवलेली की गुठळी नको. अर्धा चमचा तोंडात, मग थांबायचं. गळा हलला का ते बघायचं. मग "आजी, आ करा," आणि आत काही उरलं नाही ना ते बघून पुढचा घास. एक वाटी संपायला पाऊण तास. जेवण झाल्यावर आडवं करायचं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. डिमेन्शियाच्या पेशंटचा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, त्यातून माणूस जातं. पहिल्या ठिकाणी आईंना पडल्या पडल्या पातळ खिचडी पाजायचे आणि ठसका लागला की म्हणायचे, "नाटकं करतात." या मावशींनी कुठला कोर्स केला नव्हता. एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं, म्हणाल्या. मुख्य म्हणजे त्यांच्याकडे तो पाऊण तास होता.

त्यांचा पगार पंधरा हजारांच्या आत होता. ड्युटी बारा तासांची, झोपायला तिथेच मागची खोली, मुलगी गावाकडे आजीपाशी. दुसऱ्याच्या आईचं शी-शू काढणाऱ्या बाईला आपण किती देतो आणि तिच्याशी कसं बोलतो, हे जरा सगळ्यांनी बघावं. मी नातेवाइकांना तिच्या अंगावर ओरडताना पाहिलंय, चादर चुरगळली म्हणून. मालकाशी बोलताना मात्र तेच लोक "सर, सर". राग खरा असतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतो. दोन माणसांत चौदा जणांची रात्र काढायला लावतो कोण, त्याला विचारा.

मालकांची बाजूही मी ऐकली आहे. आईला ठेवून फोन उचलायचं बंद करणारी मुलं आहेत. तीन-तीन महिने पैसे न देणारे आहेत. एका चांगल्या, मनापासून चालवणाऱ्या बाईंनी मला कपाट दाखवलं. त्यात न्यायला कुणी न आलेल्यांचे कपडे घड्या घालून ठेवले होते. अशा लोकांमुळे सगळ्या नातेवाइकांकडे संशयाने बघितलं जातं, हे खरं आहे.

पण त्याहून जास्त नुकसान करते ती लाज. आईला 'बाहेर' ठेवलं हे आपण कुणाला सांगत नाही. सोसायटीत सांगतो, "गावाला भावाकडे आहेत." लग्नकार्यात विषय निघाला की उठून जातो. सांगतच नाही म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि प्रत्येक घर पहिल्यापासून ठेचा खातं. तक्रारही करत नाही, कारण दोन भीती असतात. राग पेशंटवर काढला तर? उद्या "घेऊन जा" म्हणाले तर? आणि लाज वाटायला लावणारे कोण, तर ज्यांनी एक रात्रसुद्धा उशाशी बसून काढलेली नाही ते. आमच्या एका नातेवाइकांनी मला श्रावणबाळाची गोष्ट ऐकवली. मी त्यांना शनिवारी रात्री आईंजवळ झोपायला बोलावलं. ते आले नाहीत. घरोघरी हे काम सुनेने, तीही साठीतल्या सुनेने, उपसावं असं धरून चाललेल्या समाजाने केअर सेंटरवाल्यांना "कसं बघता?" असं विचारायचा हक्क स्वतःहून सोडून दिलाय.

कायदाही तसाच आहे. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 24 आहे, ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 19 म्हणतं, राज्याने जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान 150 जणांचा वृद्धाश्रम काढावा. पण पैसे भरून, विश्वासाने ज्यांना ठेवलंय, त्यांच्या खाजगी केअर सेंटरमध्ये रात्री किती माणसं हवीत? 2019 च्या डिसेंबरमध्ये या कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं. त्यात केअर होमची नोंदणी होती, किमान निकष होते, घरी येणाऱ्या अटेंडंटच्या प्रशिक्षणाचाही विचार होता. ते मंजूर झालं नाही, ती लोकसभा संपली आणि विधेयकही संपलं. आज कुणी ट्रस्ट म्हणून नोंदलेलं, कुणी शॉप अॅक्टवर चालवतंय, कुणी नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन घेतलेलं. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन प्रत्येक केअर होमची तपासणी करून चारपैकी एक दर्जा देतं, आणि 2015 पासून तो दर्जा दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तिथेही वाईट होम आहेतच. पण मुलीला आत शिरण्याआधी ते वाचता येतं.

आणि आपल्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणू नका. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून कॅन्सरच्या पेशंटची मोफत शुश्रूषा करतंय. म्हणजे याच शहरात हे होतंय.

ज्यांच्यावर आज वेळ आलीय त्यांच्यासाठी. रात्री साडेनऊनंतर, न कळवता जा. त्या वेळी आत सोडत नसतील तर तेच उत्तर समजा. पेशंट किती, त्यातले झोपून किती आणि रात्रीच्या ड्युटीला माणसं किती, हे तीन आकडे विचारा आणि तिथेच गुणाकार करा. आपल्या माणसाचे मोजे काढून टाचा बघा, कुशीवर वळवून माकडहाड बघा, लाजू नका. वजन दर महिन्याला करायला लावा. औषधांचा कागद मागा. पेशंट भर दुपारी गाढ झोपलेला दिसला तर गुंगीची गोळी कुठली, कुठल्या डॉक्टरने लिहिली, ते विचारा. डिमेन्शियात 'शांत' करायला देतात त्यातल्या काही औषधांनी वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता. हात कॉटला बांधलेले दिसले तर फोटो काढा आणि त्याच क्षणी विचारा. डायपर, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट फीमध्ये आहे का, ते लेखी घ्या. आणि रोज कुणीतरी, वेगवेगळ्या वेळी, दहा मिनिटं का होईना, जा. लांब असाल तर शेजारच्या कॉटवाल्यांच्या मुलाशी ओळख करून घ्या. तुम्ही त्याच्या आईला बघा, तो तुमच्या.

तक्रारीसाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे आम्ही समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना पत्र देतोय. मागणी एकच ठेवलीय. जिल्ह्यातल्या प्रत्येक केअर सेंटरने पेशंटची संख्या आणि दिवसपाळी-रातपाळीच्या कर्मचाऱ्यांची संख्या दारावर लिहावी. ज्यांचं कुणी सेंटरमध्ये आहे किंवा होतं, त्यांनी सहीसाठी मला मेसेज करा. अनुभवही लिहा, चांगला असो की वाईट. मावशींची नावं मात्र लिहू नका, त्यांची नोकरी जाते.