मुहूर्त मिनिटाचा, तारीख अंदाजाची

"37 आठवडे भरले की बाळ तयार. सिझेरियन ठरलेलंच असेल तर चांगला दिवस बघून करून घ्या. उगाच थांबलात तर बाळ पोटात शी करतं, गळ्याला नाळेचा वेढा बसतो." हा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. पाठवणाऱ्यांत माझी सख्खी मावशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"37 ला बाळ तयार." 37 पूर्ण झाले की 'प्रीमॅच्युअर' हा शिक्का पुसला जातो, खरं तेवढंच. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली 'फुल टर्म' हा शब्द 39 पूर्ण झाल्यानंतरच वापरायचा असं ठरवलं. त्याआधी 2009 मध्ये तिथेच, आधी सिझेरियन झालेल्या बायकांच्या ठरवून केलेल्या 13 हजारांवर सिझेरियनांचा अभ्यास आला होता. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागणं, यांपैकी काही ना काही 39 ला शंभरातल्या 8 बाळांच्या वाट्याला आलं. 38 ला 11, 37 ला 15.

कारण साधं आहे. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात जी हार्मोन्स वाढतात, ती हे पाणी शोषून घ्यायला लावतात. कळा नाहीत आणि दिवसही कमी, मग पाणी मागे राहतं. असं बाळ मिनिटाला साठच्या वर श्वास घेतं. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो, श्वास सोडताना ते बारीक कण्हतं. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात. पण ते दिवस काचेच्या पेटीत जातात, आणि टाके पडलेली आई दुसऱ्या मजल्यावर वाटीत चीक पिळत बसते.

"चांगला दिवस बघा." गंमत इथेच आहे. मुहूर्त काढला 10 वाजून 42 मिनिटांचा, पण 37 आठवडे मोजले कुठून? शेवटच्या पाळीपासून. पाळी अनियमित असेल तर तो हिशेब तिथेच चुकला. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यांत भरवशाची, तीही पाच-सात दिवस इकडेतिकडे होते. शेवटच्या महिन्यांतली तर तीन आठवडेही चुकू शकते. म्हणजे फाइलवरचे 37 प्रत्यक्षात 36 असू शकतात. 22 जानेवारी 2024 ला, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्याच दिवशी सिझेरियन करा, अशा विनंत्या उत्तर प्रदेशातल्या डॉक्टरांकडे आल्याच्या बातम्या होत्या. त्यातल्या किती जणींची तारीख पक्की होती, कुणास ठाऊक.

नाळेचं थोडक्यात. दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याला वेढा असतोच, आणि बहुतेक वेळा तो जन्मताना सहज सोडवला जातो. शीचं मात्र अर्धं खरं आहे. दिवस उलटून गेले की ते प्रमाण वाढतं, म्हणूनच 41 पूर्ण झाल्यावर कळा आणण्याचा सल्ला देतात. पण 37 आणि 41 मध्ये चार आठवडे आहेत!

आईचं बीपी चढलं, वार खाली असली, बाळाची वाढ थांबली तर डॉक्टर 37 ला, वेळ पडल्यास त्याआधीही बाळंत करतील. तिथे थांबणंच धोक्याचं. पण तो निर्णय तपासण्या बघून होतो, पंचांग बघून नाही.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही, हेही खोटं का रे?"

तेही खोटं, मावशी. आठव्यातलंच जास्त जगतं.