मुसकं

आई जतहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने नातीला सॉफ्टबॉलच्या पूर्ण सरंजामात पाहिलं. गुडघ्यापर्यंत मोजे, डाव्या हातात सुपाएवढा ग्लव्ह आणि तोंडावर गजांचा पिंजरा. आई बराच वेळ नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "काय रं हे? पोरीच्या तोंडाला मुसकं कशापायी?"

मुसकं म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागेल. खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरवून मळणी करायचे, तेव्हा बैलांनी कणसांत तोंड घालू नये म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीची जाळी बांधत. ते मुसकं. आमच्या घरातलं पस्तीस डॉलरचं होतं, त्याला हनुवटीपाशी स्पंज होता आणि मागे वेणी बाहेर काढायला फट होती, एवढाच फरक.

"चेंडू लागू नये म्हणून गं," मी म्हणालो.

"खेळाचं नाव काय म्हणलास?"

"सॉफ्टबॉल. म्हणजे मऊ चेंडू."

आईने बॅगेतला पिवळा चेंडू काढून आंबा पिकलाय का बघतात तसा अंगठ्याने दाबून पाहिला. मग ओट्यावर आपटला. फोडणीचा डबा हादरला. "ह्याला मऊ म्हणत्यात?"

आता यात आईचं काही चुकलं नव्हतं. बेसबॉलचा हा धाकटा भाऊ जन्मला १८८७ साली. शिकागोच्या एका बोट क्लबात काही मंडळी हार्वर्ड आणि येलच्या सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. निकाल कळल्यावर एकाने आनंदाच्या भरात बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला, त्याने तो काठीने टोलवला, आणि तिथल्याच एका हुशार माणसाने मोज्याला दोरी गुंडाळून त्याचा चेंडू केला. त्या दिवशी तो मऊ असणारच. माझ्या मुलीच्या, सईच्या, वयाच्या मुली आज ज्याने खेळतात तो बारा इंच घेराचा असतो आणि वजनाला १७७ ते १९८ ग्रॅम भरतो. क्रिकेटचा पुरुषांचा चेंडू १६३ ग्रॅमच्या वर जात नाही. चेंडूचा दगड झाला, नाव तेवढं मऊ राहिलं.

खरं तर मुसक्यावरून घरात आई येण्याआधीच एक लढाई होऊन गेली होती. बॅटिंगच्या हेल्मेटला जाळी हवीच, हा आमच्या लीगचा नियम. क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलींच्या मास्कबद्दल मात्र पत्रात 'जोरदार शिफारस' असं लिहिलं होतं. अमेरिकेत जोरदार शिफारस याचा अर्थ, दात पडले तर आमच्याकडे यायचं नाही. आमची सई तिसऱ्या बेसवर, म्हणजे बॅट्समनने धावत गाठायच्या ठाण्यांपैकी तिसऱ्यापाशी, उभी राहते. समोरची पोरगी बंट करणार, म्हणजे चेंडू न टोलवता बॅटने नुसता थोपवणार, असा संशय आला की ती आणखी पुढे सरकते, थेट बॅटच्या तोंडाशी. मी इंजिनिअर आहे, म्हणून मी रात्री एक्सेल उघडून हिशेब केला : ताशी ६० मैलांनी आलेला चेंडू तिच्यापर्यंतचे ४४ फूट अर्ध्या सेकंदात कापतो. अर्ध्या सेकंदात माझ्याच्याने 'अगं' एवढंच म्हणून होतं.

तरीही मी मास्कच्या विरोधात होतो, हे इथे कबूल करतो. शेजारच्या मैदानावर मुलगे बेसबॉल खेळत होते, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडावर जाळी नव्हती. मुलींनाच का? मी बायकोला, मृणालला, म्हणालो, "गावसकर वेस्ट इंडीजसमोर बिनहेल्मेटचा उभा राहिला. कुंबळेने २००२ मध्ये अँटिगाला तुटक्या जबड्याने बोलिंग टाकली, लाराला काढला."

"गावसकरने नंतर टोपीखाली कवच घातलं," मृणाल म्हणाली. "आणि कुंबळेचा जबडा शेवटी तुटलाच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय त्याच महिन्यात सईच्या दातांना तार बसली होती. तारेचं बिल मी दोन वेळा वाचलं, आणि तोंडावर पिंजरा घालण्यात गैर काय, असं मलाच वाटायला लागलं. मुलग्यांचं कोडंही मृणालनेच सोडवलं. मोठ्या बेसबॉलमध्ये बेसमधलं अंतर ९० फूट, आमच्या पोरींचं ६०. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तिकडे साठ फुटांवर, इकडे ४० वर. चेंडू मोठा, मैदान लहान.

"फक्त," मास्क हातात फिरवून बघत ती म्हणाली, "याच्यात कान उघडेच राहतात."

सईचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं, ते तिने न विचारता सांगितलं. मास्कमध्ये घाम येतो. ओरडलं तर ऐकू जात नाही. चष्म्यावर वाफ धरते. टीममधल्या फक्त चौघी घालतात आणि त्यातल्या दोघी 'तसल्या' आहेत. तसल्या म्हणजे कसल्या, ते कळलं नाही. दुसऱ्याच सामन्यात एका तसलीच्या मास्कवर चेंडू ठाणकन आदळला, ती दोन पावलं मागे गेली, मास्क सरळ केला आणि पुन्हा उभी राहिली. पुढच्या शनिवारी नऊजणी मास्कात होत्या. माझी एक्सेल कोणी मागितली नाही.

आई सामन्यांना यायला लागली आणि माझ्यापेक्षा जास्त रमली. डगआउटमध्ये बसलेल्या पोरी टाळ्यांच्या ठेक्यावर समोरच्या टीमला चिडवणारी गाणी म्हणत होत्या, त्याला आई भोंडला म्हणाली. पिचर हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडायची, त्याला म्हणाली, "ही तर गोफण." जोंधळ्याची राखण करताना तिने लहानपणी माळ्यावर उभं राहून पाखरं उडवली होती, त्यामुळे कोणाची गोफण लवकर सुटते आणि कोणाची उशिरा यावर तिचं मत ठाम असे, आणि बहुतेक बरोबर असे. तिला एकच गोष्ट पटत नव्हती. सगळ्या पोरी सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया मास्कच्या गजांतून तोंडात टाकत आणि टरफलं त्याच गजांतून बाहेर थुंकत.

"मुसकं घालून बी खात्यातच की गं ह्या," ती मृणालला म्हणाली. "मग त्याचा उपयोग काय?"

मे महिन्यात ऊन चढलं. आईने डाळ भिजत घातली, आणि आमच्या डेकवर जुन्या साडीवर सांडग्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. न्यू जर्सीच्या खारींना सांडग्याचा अनुभव नव्हता, पण त्या लवकर शिकतात. पहिल्या दिवशी अर्धी रांग गेली. दुसऱ्या दिवशी सामन्याला निघायच्या वेळेला सईचा मास्क सापडेना. गाडीत, गॅरेजमध्ये, कपड्यांच्या ढिगात, सगळीकडे शोधलं. मी तर सईवर ओरडलोसुद्धा. शेवटी मृणालने डेकवरून हाक मारली. साडीवर ताटं, चाळण्या, माझी बार्बेक्यूची जाळी पालथी घातलेली, आणि अगदी मधोमध, सगळ्यांत मोठ्या सांडग्यांवर, मास्क.

"गज कसे बारके हैत बघ," आई म्हणाली. "खारीचं तोंड जात न्हाई."

त्या दिवशी सई दुसरीचा मास्क उसना घेऊन खेळली आणि आल्यावर तिने आणखी एक बातमी दिली. तिला आता पिचर व्हायचं आहे. ज्या घरात पिचर तयार होते, त्या घरातल्या बापाला गादीच्या झाकणाची एक बादली घ्यावी लागते. आत चेंडू, वर बाप. या जमातीला इथे 'बकेट डॅड' म्हणतात. बापाने ४० फुटांवर बादलीवर बसायचं आणि पोरगी जे टाकेल ते झेलायचं. टाकलेलं ग्लव्हकडे येईल अशी हमी कोणी देत नाही.

पहिल्या दिवशी एक चेंडू कुंपणापलीकडे गेला, दोन माझ्या नडगीवर. तिसऱ्याने बादलीचाच वेध घेतला, मी वर बसलेलो असताना. चौथा जमिनीवर टप्पा घेऊन उसळला आणि गालफडाला चाटून गेला. "सॉरी बाबा! पण तू मान फिरवतोस. मान फिरवायची नसते."

मान फिरवायची नसते हे मला अर्ध्या सेकंदात आठवणं शक्य नव्हतं. मी गाल चोळत बसलो होतो. आई डेकवरून हे बघत होती. ती काही न बोलता वाकली, मास्क उचलला, त्यावर चिकटलेला डाळीचा कण नखाने काढला आणि तो माझ्या हातात आणून दिला.

मास्क गुलाबी होता, आणि बारा वर्षांच्या मापाचा. पट्टा डोक्याला पुरेना, तेव्हा आईनेच पाठीमागे दोरीने बांधून दिला. गाठ अशी पक्की मारली की ती पूर्वी कोणासाठी मारत होती हे विचारायची गरज पडली नाही. आतून सूर्यफुलाच्या बियांचा आणि हिंगाचा वास येत होता. सई हसून लोळायची बाकी होती. "रेडी?" तिने ओरडून विचारलं. मी ग्लव्ह उचलला. मान सरळ. नजर चेंडूवर. हात गोल फिरला.

त्याच क्षणी डेकवरून आईची आरोळी आली, "आरं, खार! खार!" मास्क उचलला तिथले सांडगे उघडे पडले होते. मी गर्रकन मान वळवून तिकडे बघितलं.

मास्कमध्ये कान उघडेच राहतात, हे मृणालने आधीच सांगितलं होतं.