सूर्याच्या साडेतीनपट

ज्या दिव्याखाली कोणी बसलेलं नाही, तो जळत ठेवणं आमच्या घरात गुन्हा आहे. अप्पांना वीज मंडळातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण ड्यूटी काही सुटलेली नाही. मी संडासात असताना बाहेरून बटण बंद होतं. "अहो, आत आहे मी!" म्हणून ओरडावं, तर "मग खाकरायचं तरी," असं उत्तर येतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला डोंबिवलीत असंच वागवतात का, माहीत नाही, आमच्याकडे वागवतात.

अशा घरात मी एक दिवा आणायला निघालो होतो. रोज आठ तास जळणारा. आणि तोही अशा जिवांसाठी, ज्यांना डोळेच नाहीत.

म्हणजे पोवळ्यांसाठी. हॉलमध्ये टीव्हीशेजारी माझी काचेची टाकी आहे, ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच. पाणी खारं. दोन क्लाउन मासे, एक शंखातला खेकडा आणि दगडावर चिकटवलेली मऊ जातीची पोवळी. दगडी पोवळी आपल्याकडे घरात ठेवताच येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती वाघाच्या पंगतीला बसली आहेत. ते एक बरंच झालं, कारण सगळ्यात जास्त उजेड त्यांतल्याच काहींना लागतो. बायकोला या कशाचंच अप्रूप नाही. "पोवळं अंगठीत घालतात, मंगळ सुधारतो. तुम्ही टाकीत घातलंत, आता आमची दशा बघा," एवढंच ती म्हणाली. मासे खाणाऱ्या घरात दोन मासे फक्त बघायला ठेवलेत, हे दुःख वेगळं.

माझ्याकडची जात झोअँथिड. छंदी माणसं लाडाने झोआ म्हणतात. एकेक झोआ शर्टाच्या बटणाएवढा: मधे हिरवी चकती, चकतीच्या मध्यावर चीर पाडावी तसं तोंड, आणि भोवती केशरी झालर. उमलला की बाहुलीच्या परकराचं फूल वाटतं. मिटला की थेट मसाल्याच्या डब्यातली लवंग. माझ्याकडे बावीस झोआ होते आणि त्यातल्या एकोणीस लवंगा होत्या. उरलेले तीन मान लांब करकरून वर बघत होते, लोकलच्या दारात लटकून सिग्नल शोधणाऱ्यांसारखे.

"उजेड कमी पडतोय," क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानात निदान झालं. "ट्यूब कसली लावलीय?"

मी साधा २० वॅटचा पांढरा एलईडी बल्ब लावला होता. दोन फूट उंचावर, होल्डरमधून लोंबता. त्याचा निम्मा उजेड हॉलभर पसरत होता आणि उरलेला बायकोच्या डोळ्यांत जात होता. पोवळ्यांच्या वाट्याला नैवेद्यापुरता.

इथून माझा अभ्यास सुरू झाला आणि सुख संपलं.

आधी कळलं की पोवळं उजेड बघत नाही, खातं. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला देतं. स्वतः रांधून बहुतेक ताट मालकाच्या पुढ्यात सरकवणारा भाडेकरू! आमच्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू वेळेवर भाडं देत नाहीत. पण मालकाला फार ताप झाला, पाणी तापलं किंवा उजेड एकदम वाढला, की तो या गुणी भाडेकरूला बाहेर काढतो आणि स्वतः पांढराफटक पडून उपाशी बसतो. घरमालक इथून तिथून सारखेच.

मग केल्विन आले. दिव्यांच्या खोक्यांवर लिहिलेलं असतं: १०,००० केल्विन, १४,००० केल्विन, २०,००० केल्विन. मी धास्तावलो. शाळेत शिकल्याप्रमाणे सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास. म्हणजे मी काउंटरवर उभा राहून सूर्याच्या साडेतीनपट मागत होतो आणि समोरचा शांतपणे म्हणत होता, "उसमें स्टैंड फ्री है." घरी येऊन उलगडलं, की तो आकडा उष्णतेचा नव्हेच, रंगाचा. वस्तू जितकी जास्त तापते तितका तिचा उजेड निळसर होतो, म्हणून निळसर उजेडाला मोठा आकडा. हे मी अप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वॅट किती?"

ल्यूमेनची गंमत आणखी. मी दोन दिवस ल्यूमेन बघून दिवे निवडत होतो. ल्यूमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती लख्ख दिसतं त्याचं माप, आणि माणसाचा डोळा सगळ्यात हावरा हिरवट-पिवळ्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. पोवळ्यातल्या शेवाळाची भूक जास्त ती निळ्या उजेडाची, कारण समुद्रात तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच विरतो आणि खोलवर पोचतो तो निळा. जो दिवा मला मिणमिणता वाटतो त्याच्याखाली झोआंचं पोट भरू शकतं. मी मात्र माझ्या जिभेने त्यांच्या आमटीचं मीठ बघत बसलो होतो.

एवढं समजल्यावर शहाण्या माणसाने सावकाश निर्णय घेतला असता. मी रात्री पावणेबारा वाजता ऑनलाइन सवलत संपायला पंधरा मिनिटं उरली होती म्हणून एक दिवा घेतला.

तो आला, सोबत रिमोट आला, रिमोटवर चौदा बटणं. त्यातली दोन कामाची. बाकीच्यांनी दिवा लुकलुकायचा, जांभळा व्हायचा, गणपतीच्या मखरासारखा पळायचा. एका बटणाने वीज चमकायची. पोवळ्यांना वीज कशाला चमकायला हवी, हे त्या माहितीपत्रकात नव्हतं. मी बेत ठरवला: उपाशी होते बिचारे, आता पोटभर द्या. १०० टक्के निळा, १०० टक्के पांढरा.

त्या संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी बायकोला फोन केला. "अगं, तुमच्या हॉलमध्ये दवाखाना उघडलाय की काय?" त्यांच्या मिस्टरांनी मात्र दवाखाना हा शब्द वापरलेला नव्हता. गेल्या पिढीतल्या ऑर्केस्ट्रा बारची नावं त्यांना अजून पाठ आहेत, असं बायकोला त्या दिवशी समजलं.

तिसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस लवंगा. पाचव्या दिवशी काचेवर तपकिरी थर. आठव्या दिवशी झालरींचा केशरी रंग उतरून धुवट झाला. उपाशी माणसाला एकदम बासुंदी वाढावी, तसं मी केलं होतं. चेंबूरला एक दंतवैद्य आहेत, पंधरा वर्षं खाऱ्या पाण्यात हात घालून बसलेले. त्यांनी फोटो बघून दाढ काढायच्या सुरातच सांगितलं, "हा दिवा काढा. मोजल्याशिवाय आता काही लावायचं नाही." आणि स्वतःचा पार मीटर आठवड्यासाठी उसना दिला. चांगल्या पार मीटरची किंमत दिव्याच्या तोडीची असते, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड, ज्यावर झाडं आणि शेवाळं जगतात. काठीच्या टोकाला एक गोटी, ती पाण्यात धरायची, यंत्रावर आकडा येतो. मी मीटर टेबलावर ठेवून कपडे बदलायला गेलो. बाहेर आलो तर अप्पा बाह्या सारून टाकीपुढे उभे. कोपरापर्यंत हात पाण्यात. चष्मा कपाळावर.

"लिही," ते म्हणाले.

३४ वर्षं ज्यांनी मीटर वाचले त्यांच्या हातात मीटर आला होता. कॅलेंडरच्या उलट्या बाजूवर त्यांनी टाकीचा नकाशा काढला, पंधरा चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाचं रीडिंग घेतलं. दिव्याखाली मधोमध ३१०. डाव्या कोपऱ्यात ५५. "हे असं असतं होय," ते म्हणाले. "फीडर म्हणजे विजेची मुख्य लाइन, तिच्याजवळच्या घरात पंखा गरगर फिरतो आणि शेवटच्या घरात बल्ब लाल. सगळीकडे सारखं पोचलं पाहिजे." इतके दिवस मी लेन्स, पसरण्याचा कोन आणि दिव्याची उंची यांवर जे वाचत होतो, ते अप्पांनी फीडरवर आटोपलं.

मग तिसरा दिवा घेतला. पूर्ण जोर ५० वॅट, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा, रुंद कोनाचा. लुकलुकत नाही. पाण्यापासून किती उंच टांगायचा हे अप्पांनी रीडिंग घेत ठरवलं, एकेक इंच वर सरकवत, "अजून... अजून... बास." वाळूवर ६०, दगडावर १०० च्या आत, या मऊ जातीला एवढं पुष्कळ. सुरुवात २५ टक्क्यांवर, दर आठवड्याला पाच टक्के वाढ. बायको म्हणाली, माझा पगारही इतक्या नियमाने वाढला नव्हता.

मधेच माझ्या मनात आलं ते सांगून टाकतो. २०२० साली कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून पोवळ्यांच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याला नेव्हीनगरकडे नेल्या. मुंबईच्या किनाऱ्यावरची पोवळी! ओहोटीला वर ऊन, भरतीला गढूळ पाणी, शेजारी नाला. ती जगली, आणि आमची राजसं पाच टक्के जास्त उजेडाने मिटतात.

साडेतीन आठवड्यांनी सकाळी दात घासत हॉलमध्ये आलो तर उजव्या टोकाचा एक झोआ उमललेला. मग शेजारचे दोन. महिनाअखेर मी एकोणीस मोजले; तीन काही परत आले नाहीत. संध्याकाळी पांढरा उजेड मावळून नुसता निळा उरला की त्या हिरव्या चकत्या निखाऱ्यासारख्या पेटतात. बायको पोळ्या अर्धवट टाकून बघायला आली. एक पोळी करपली, पण त्यावर ती काही बोलली नाही.

आणि मग मे महिन्याचं बिल आलं.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. मी भाषण तयार ठेवलं होतं. पण त्यांनी वही काढली. रोज सकाळी आपला मीटर वाचून ते त्यात लिहितात. "दिवा सध्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ३० वॅट धर. आठ तास. रोजचं पाव युनिटही नाही, महिन्याला सव्वासात. दिव्याचा संबंध नाही." मी सुटकेचा श्वास घेतला. "हा एसी आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे हॉलचा एसी पाहुणे आल्याशिवाय लागत नसे. मी गुपचूप रिमोटकडे हात नेला.

"राहू दे," टाकीपुढच्या खुर्चीत अंगावर शाल ओढून घेत अप्पा म्हणाले. "पाणी सव्वीसच्या वर गेलं तर त्यांना उकडतं. जाताना तो ट्यूबलाइट तेवढा बंद कर."