आतडं अडलंय हे कळलं, मग सीटी कशाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कॅन्सरच्या पेशंटचं पोट फुगलं, उलट्या लागल्या की सीटी स्कॅन करावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारता: "साध्या एक्स-रेत कळतं, तर उलट्या होणाऱ्या माणसाला औषध पाजून मशीनमध्ये कशाला घालायचं? खर्च वेगळाच."

एक्स-रेबद्दल तुमचं अर्धं बरोबर. हवा-पाण्याच्या आडव्या रेषा दिसल्या, लहान आतडं ३ सेंटिमीटरच्या वर फुगलेलं दिसलं, की संशय बळावतो. पण आतड्यात हवा नसून नुसतं पाणी भरलं असेल तर फिल्म फसवते. शिवाय अडलंय कुठे, कशाने, किती ठिकाणी, हे ती क्वचितच सांगते.

आणि कॅन्सरच्या पेशंटचा प्रत्येक अडथळा कॅन्सरचाच नसतो हो! जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटतात, रेडिएशनने आखडतात, मॉर्फिनने नुसती सुस्तावतात. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या एक बाई आल्या होत्या. 'आजार उलटला' असं धरून घरच्यांनी मन घट्ट केलं होतं. मी एकेक चित्र सरकवत फुगलेल्या आतड्याचा माग काढत गेले. जुन्या टाक्यांच्या मागे ते चिमटीत धरल्यासारखं एकदम बारीक झालं होतं, पुढचं सगळं रिकामं. गाठ कुठेच दिसेना. सर्जनने चिकटलेला एक पट्टा कापला आणि आठवड्याने बाई वरण-भात खाऊन घरी गेल्या.

उलटही होतं. पोटाच्या आवरणावर गाठी पसरून आतडं चार ठिकाणी अडलेलं असेल, तर ऑपरेशनने सहसा हाती काही लागत नाही. मग नाकातली नळी, ऑक्ट्रिओटाइडसारखं इंजेक्शन, यांनी उलट्या आवरायच्या. आतड्याची भिंत कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) घेत नसेल तर रक्तपुरवठा तुटत चाललाय, तिथे तासांचा हिशेब असतो.

पाजण्याचं म्हणाल, तर अशा पेशंटला तोंडाने काही द्यावं लागत नाही. आतडं दिसायला त्यात साचलेलं पाणीच पुरतं. कॉन्ट्रास्ट शिरेतून जातं, तेही क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून.

सीटीलाही मर्यादा आहेत. आवरणावरचे अगदी बारीक दाणे त्यात निसटतात.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. पेशंटनेच ऑपरेशन नको, नळी नको असं ठरवलं असेल आणि रिपोर्टने उपचार बदलणार नसतील, तर त्याला स्कॅनच्या टेबलावर झोपवू नये. हे मूळ लेखात यायला हवं होतं. आज घालते.