तलावाच्या कव्हरवर साचणाऱ्या पाण्याचे काय?

घरच्या पोहण्याच्या तलावावर मोटरने सरकणारे स्वयंचलित कव्हर घेताना ते किती वजन पेलते हे पाहून घ्यावे, हा अशा कव्हरांवरील तुमच्या लेखातील सल्ला योग्यच आहे. अमेरिकेतील एएसटीएम एफ१३४६ हे तलावाच्या सुरक्षा कव्हरांसाठीचे मानक सांगते की ८ फुटांहून रुंद तलावाच्या कव्हरने ४८५ पौंड, म्हणजे दोन प्रौढ आणि एका मुलाचे वजन पेलावे. परंतु पावसानंतर कव्हरवर साचणाऱ्या पाण्याचा लेखात उल्लेखही नाही, आणि लहान मूल बुडायला वीतभर पाणीसुद्धा पुरते. न्यू जर्सीतील आमच्या घरी पहिल्याच वादळी पावसानंतर कव्हरच्या मधोमध मोठे डबके झाले होते, कारण पाणी उपसणारा पंप विक्रेत्याने किमतीत धरलाच नव्हता.

शिवाय कव्हर उघडबंद करणारा किल्लीचा स्विच संपूर्ण तलाव नजरेस पडेल अशाच जागी बसवून घ्यावा, म्हणजे कव्हर बंद करताना पाण्यात कोणी नाही ना हे दिसते. आमचा सुरुवातीला गॅरेजच्या भिंतीवर होता, जिथून तलावाचे खोल टोक दिसतच नसे.