क्यूआर कोडला बाटलीच्या आतलं दिसत नाही

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरापूर्वी एक मेसेज आला. मग तोच मला माहेरच्या ग्रुपवर, मुलाच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर आणि ऑफिसातही भेटला. मजकूर थोडक्यात असा:

"गांजापासून बनवलेलं औषधी तेल आता भारतात कायदेशीर. मात्र ब्लॉकचेनवर नोंद असलेलंच घ्या. क्यूआर स्कॅन करा, बियाण्यापासून बाटलीपर्यंतचा सगळा प्रवास दिसेल. ही नोंद जगात कोणीही बदलू शकत नाही, म्हणून भेसळ अशक्य. लॅब रिपोर्टसुद्धा चेनवर असतो. अमेरिका-कॅनडात सगळं असंच चालतं. कोड असला की पोलीसही काही करू शकत नाहीत."

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका टेस्टिंग लॅबमध्ये सोळा वर्षं काम करते आहे. तेलं, मसाले, वनौषधींचे अर्क तपासणं हे माझं रोजचं काम. एरवी असे मेसेज मी वाचून सोडून देते. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हा वाचून गुडघेदुखीसाठी एक बाटली मागवली, आणि ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "तू लॅबवाली ना, बघ गं जरा, घेऊ का?" म्हणून मेसेजातला एकेक दावा घेऊन उत्तर लिहिते आहे.

"नोंद कोणी बदलू शकत नाही, म्हणून भेसळ अशक्य."

यातला पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या संगणकांवर ठेवलेली नोंदींची वही. तिच्यात प्रत्येक नोंदीचा एक हॅश निघतो, म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच. पुढच्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. मागे जाऊन एक आकडा बदलला तर तिथून पुढचे सगळे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते. शिवाय या वहीच्या प्रती अनेकांकडे असतात. बिटकॉइन या डिजिटल चलनाची वही २००९ पासून याच तत्त्वावर चालली आहे.

पण "म्हणून" या शब्दापाशी सगळी गफलत आहे. नोंद बदलता येत नाही, याचा अर्थ नोंद करताना खरं लिहिलं होतं असा होत नाही. वाशीच्या एपीएमसीत हंगामात फेरी मारलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं आणि आत कर्नाटकातला आंबा, ही तक्रार दरवर्षीची. त्या पेटीचा नंबर तुम्ही ब्लॉकचेनवर टाका. आतला आंबा देवगडचा होणार नाही. उलट खोटी नोंदच कायमची, न पुसता येणारी होऊन बसेल. बिटकॉइनचं बरं आहे, कारण तिथे नोंद हाच माल असतो. तेलाच्या बाबतीत माल बाटलीत आणि नोंद संगणकात, आणि या दोघांना जोडणारा माणूस कारखान्यात उभा असतो.

आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे वहीच्या प्रती कोणाकडे आहेत? अशा मालासाठी वापरतात त्या बहुतेक चेन खासगी असतात, कोणाला प्रवेश द्यायचा ते चालवणारा ठरवतो. सगळ्या प्रती तेल विकणाऱ्याच्याच सर्व्हरवर असतील, तर ती एकाच मालकाची वही झाली. सगळ्या प्रती एकदम नव्याने लिहायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

"लॅब रिपोर्ट चेनवर असतो."

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझं घर आहे.

आमच्याकडे येणारी बहुतेक सॅम्पल्स पार्टी स्वतः आणून देते. आम्ही बाटली उघडतो, तपासतो, आकडे देतो. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: हा निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. ती ओळ कोणी वाचत नाही. पण तिचा अर्थ असा, की मी त्या पन्नास मिलीबद्दल छातीठोकपणे सांगू शकते. कारखान्यातल्या टाकीबद्दल नाही. नमुना त्याच टाकीतून काढला होता का, टाकी ढवळून काढला होता का, की चांगल्या कॅनमधून वेगळा भरून आणला होता, हे मला लॅबमध्ये बसून कळायला मार्ग नाही. म्हणूनच अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक दुकानातून स्वतःच्या हाताने नमुना उचलतो, सील करतो, पंचनामा करतो. रिपोर्टाची किंमत त्या सीलमुळे असते. ब्लॉकचेन बाटलीला सील लावू शकत नाही.

मग आकडा. भांगेच्या झाडात नशा आणणारं टीएचसी आधी बहुतांशी टीएचसीए या आम्लरूपात असतं. उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, म्हणून हे रूपांतर मशीनमध्येच घडतं. एचपीएलसी या दुसऱ्या, नमुना न तापवणाऱ्या पद्धतीत दोन्ही वेगवेगळी मोजता येतात. त्यामुळे नीट रिपोर्टात 'एकूण टीएचसी' काढताना टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून तो टीएचसीत मिळवतात. हे न करता नुसतं टीएचसी छापलं, तर तोच माल कागदावर कितीतरी सौम्य दिसतो. चेनवर '०.२ टक्के' असा आकडा चढला तरी तो एकूण टीएचसीचा की नुसत्या टीएचसीचा, हे रिपोर्ट उघडून वाचावंच लागतं.

आणि लॅबच खोटं बोलली तर? हे कॅलिफोर्नियात घडलेलं आहे. तिथे गांजाच्या मालाची ६६ कीटकनाशकांसाठी तपासणी सक्तीची आहे. सॅक्रामेंटोच्या सिकोया ॲनालिटिकल लॅब्ज या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये काही महिने त्यातल्या २२ कीटकनाशकांचे निकाल प्रत्यक्ष न तपासताच भरले. सरकारी अधिकाऱ्यांनी लॅबला भेट देऊन कागद पाहिले तेव्हा ते उघडकीला आलं आणि लॅबने परवाना परत केला. ते निकाल ब्लॉकचेनवर असते तर? प्रत्येक खोट्या आकड्याचा हॅश अगदी बरोबर जुळला असता. चोरी पकडली ती दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी. माझ्या पेशातल्या माणसांनी असं केलं हे वाचून मला तेव्हा लाज वाटली होती, आजही वाटते.

"स्कॅन केलं की खरं-खोटं कळतं."

क्यूआर कोड म्हणजे छापलेलं चित्र. एका खऱ्या बाटलीच्या कोडचा फोटो काढून त्याची हजार लेबलं छापता येतात आणि हजारही बाटल्या खऱ्या पानावर नेतात.

वेष्टनावरच्या विश्वासाची किंमत अमेरिकेने २०१९ मध्ये मोजली. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेकडे २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती आणि ६८ जण दगावले होते. टीएचसीच्या तेलात घट्टपणासाठी मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचं मुख्य कारण निघालं. बहुतेकांनी माल परवानाधारक दुकानाबाहेरून घेतला होता. त्यात 'डँक व्हेप्स' हे नाव पुन्हा पुन्हा आलं. या नावामागे एक ठरावीक कारखाना नव्हताच. छापील रिकाम्या डब्या विकत मिळत आणि ज्याला जे भरायचं ते तो भरत असे.

उपाय नाही असं मी म्हणत नाही. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळा कोड असलेलं स्टिकर लावायला घेतलं. कोडचा काही भाग स्टिकरच्या मागे असतो, काढल्याशिवाय दिसत नाही, आणि काढलं की ते पुन्हा चिकटवता येत नाही. ही खरी अक्कल, कारण इथे कोड फळाला बांधला आहे. सोन्याच्या एचयूआयडीचंही तसंच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सक्तीचा झाला, तो धातूवरच कोरतात आणि त्याआधी हॉलमार्किंग केंद्र दागिना तपासतं. या गोष्टी भक्कम असतील तर मागे ब्लॉकचेन असो की साधा डेटाबेस, फार फरक पडत नाही.

"अमेरिका-कॅनडात सगळं ब्लॉकचेनवर चालतं."

नाही. कोलोरॅडो, कॅलिफोर्निया अशा अनेक राज्यांत मेट्रक नावाची यंत्रणा आहे. रोपाला आणि पाकिटाला आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारा, टॅग लावायचा आणि हालचाल राज्याच्या मध्यवर्ती डेटाबेसमध्ये भरायची, असं तिचं काम. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताला आयबीएमने २०१७ मध्ये ब्लॉकचेन वापरण्याचा प्रस्ताव दिला होता, बहुधा त्यावरूनच ही दंतकथा निघाली असावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे गांजा कायदेशीर झाला तेव्हापासून परवानाधारक दर महिन्याला आपला साठा सरकारला कळवतात आणि पाकिटावर प्रांतागणिक वेगळ्या रंगाचा अबकारी शिक्का असतो.

"कायदेशीर आहे, कोड असला की पोलीस काही करू शकत नाहीत."

हा सगळ्यांत घातक दावा. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, आणि चरसच्या व्याख्येत हशीश ऑइलसुद्धा येतं. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. त्या कायद्यात क्यूआर कोडला सूट देणारं कलम नाही.

मग कायदेशीर काय? बी आणि पानं, फुलोऱ्याशिवाय, त्या व्याख्येबाहेर आहेत. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडाचं, बी आणि बियांचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. टीएचसीची मर्यादा बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १०. पानांपासूनची 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) युक्त औषधं आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनतात. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या नियमांत ई-१ नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. बिब्बा, धोतरा, कुचला यांच्याच पंगतीत भांग बसते. अशा औषधाच्या लेबलवर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. म्हणजे ते कायदेशीर आहे, पण वैद्याच्या सल्ल्याने घ्यायचं आहे, ग्रुपवरच्या सल्ल्याने नाही.

ब्लॉकचेनचा उपयोग मला कुठे दिसतो तेही सांगते. शेतकरी, कारखाना, लॅब, वितरक आणि सरकार या पाचही जणांकडे वहीची प्रत असेल, तर कोणी कधी काय सांगितलं हे नंतर नाकारता येणार नाही. एखादी बॅच वाईट निघाली तर ती कुठल्या दुकानात गेली हे पटकन सापडेल, आणि तक्रार आल्यावर मागच्या तारखेचा रिपोर्ट घुसडता येणार नाही. एवढं झालं तरी मोठं काम होईल. मात्र निरीक्षक आणि लॅबचं काम तरीही माणसांनाच करावं लागेल.

काकूंच्या बाटलीचा कोड मी त्यांच्यासमोरच स्कॅन केला. हिरव्या शेताचा फोटो, त्यावर 'सत्यापित' अशी खूण, खाली लॅब रिपोर्ट. रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीच्या बुडाशी छापलेला बॅच नंबर वेगळे होते. रिपोर्ट चौदा महिने जुना होता, बाटली तीन महिन्यांपूर्वीची. 'एकूण टीएचसी' हा रकाना नव्हताच. लेबलवर परवाना क्रमांक सापडला नाही, देखरेखीची सूचनाही नाही.

मी रिपोर्टवरच्या लॅबला रिपोर्ट क्रमांक देऊन मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं की रिपोर्ट त्यांचाच आहे, पण नमुना ग्राहकाने आणून दिला होता आणि बाटलीवरची बॅच त्यांच्याकडे कधी आली नाही. विकणाऱ्याला काकूंनी तीनदा फोन केला, माझ्यासमोर. बॅचबद्दल विचारलं की पलीकडचा मुलगा एकच सांगायचा, "मॅडम, ब्लॉकचेनवर आहे ना." बाटली न उघडता माझ्या कपाटात ठेवली आहे, बिलासकट. सोमवारी मी अर्धी रजा टाकली आहे. काकू आणि मी ठाण्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्यायला जाणार आहोत.