वाटीभर कीस म्हणजे किती ग्रॅम? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, साखरांब्याच्या पाककृतीत मी सगळं ग्रॅममध्ये दिलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. तुम्ही लिहिलंय, "आमच्या आजीने जन्मात वजनकाटा वापरला नाही. वाटीला सव्वा वाटी साखर घालायची, आणि बरणी वर्षभर टिकायची. स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करू नका. फार तर एक वाटी फळ म्हणजे किती ग्रॅम, तेवढा एक आकडा द्या."

तो एक आकडाच देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणी वाटीत कसंही ओता, वजन तेवढंच. फळाचं तसं नाही, कारण फोडींच्या मधली पोकळीही वाटीत मोजली जाते. २४० मिलीच्या कपात केळ्याच्या चकत्या साधारण १५० ग्रॅम बसतात, तेच केळं कुस्करलं की २२५. आंब्याच्या फोडी १६५ ग्रॅमच्या आसपास आणि आमरस २५० च्या घरात.

कैरीचा कीस तर याहून बेभरवशाचा. इथे बडोद्यात खंडेराव मार्केटमधून राजापुरी आणली, जाड किसणीवर किसली, की कीस परातीत फुलून बसतो. तासाभराने पाणी सुटून तोच कीस खाली बसतो. समजा कपात सैल भरल्यावर १०० ग्रॅम मावला आणि दाबून भरल्यावर १६०. सव्वा कप साखर दोन्ही वेळी २५० ग्रॅमच. म्हणजे एकदा फळाच्या अडीचपट साखर, एकदा जेमतेम दीडपट. पहिल्या बरणीत साखर खडे धरणार. दुसरी चांगली होईल, पण किसाचं पाणी नीट आटलं नाही तर पावसाळ्यात वर बुरशी दिसेल. माझ्या शेजारच्या गुजराती काकी छुंदो करतात तेव्हा कैरी आणि साखर दोन्ही किलोनेच मोजतात.

आजींचं प्रमाण चुकीचं होतं, असं मी अजिबात म्हणत नाही. वाटी ठरलेली, किसणी ठरलेली, भरणारा हातही एकच. शिवाय त्यांची खरी भिस्त वाटीवर नव्हती, पाकावर होती. तार बघून त्या पातेलं उतरवत असणार. साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या पुढे गेलं की असे पदार्थ टिकतात, आणि ते त्या बोटांनी ओळखत. हे ज्ञान मोठं आहे, पण नुसतं "सव्वा वाटी" लिहून ते नाशिकच्या किंवा पुण्याच्या वाचकापर्यंत पोचत नाही. त्यांची वाटी वेगळी, किसणी वेगळी. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखे.

काटा वापरायचा नसेल तरी आपली वाटी एकदा ओळखून ठेवा. रिकामी वाटी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. १६० आले तर तुमची वाटी म्हणजे कपाचे दोन तृतीयांश, आणि केळ्याच्या चकत्या १०० ग्रॅम.

आणखी एक, यात बरेचजण फसतात. वजन फळाचं की सोललेल्या गराचं, ते पाककृतीत बघा. किलोभर केसर आणला तर साल-कोय जाऊन रस साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम निघतो, म्हणजे अडीच ते पावणेतीन कप. माझ्या पाककृतीतलं वजन नेहमी सोलून, चिरून झाल्यावरचं असतं. शिकरण, कोशिंबीर, फ्रूट सॅलड यांना काटा लागत नाही, तिथे मीही वाटीनेच घेते.

तुम्हाला तक्ता हवा असेल तर देते, पण प्रत्येक फळापुढे दोन रकाने असतील, फोडींचा एक आणि गराचा एक. केळं आणि पपई आधी टाकते. कैरीच्या किसापुढे कपाचा आकडा घालणार नाही, तिथे ग्रॅमच राहतील.